खाटेचे चार कोपरे



लग्नाच्या दिवशी वेदीसमोर वधूवर आजारपणातही एकमेकांना साथ देण्याचे वचन देतात. बाहेर बँडवाले थांबलेले असतात. 'आजार' हा शब्द कुणाच्या कानात शिरत नाही. काहींना तो पुढे पंधरा-वीस वर्षांनी बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये वाचावा लागतो.

अशाच एका घरी आम्ही गेलो होतो. पत्नीला स्तनाचा कर्करोग, दर २१ दिवसांनी केमो. पती पहाटेच्या लोकलने तिला परळच्या टाटा हॉस्पिटलात नेई. इतर दिवशी मुलांचे डबे, नोकरी, रात्री तिची उलटी पुसणे. दारापर्यंत आम्हाला सोडायला आला तेव्हा तो हळूच म्हणाला, "फादर, तिच्यासमोर घाबरता येत नाही आणि पोरांसमोर रडता येत नाही." "प्रार्थना करतो, काही लागले तर कळवा," असे म्हणून आम्ही निघालो. वाटेत मन खाऊ लागले. ज्याला श्वास घ्यायला फुरसत नाही, तो कळवणार कधी?

संत मार्कच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायात, पक्षाघात झालेल्या माणसाला चौघे जण उचलून आणतात आणि छप्पर उघडून प्रभूसमोर खाली सोडतात. येशूने त्या सर्वांचा विश्वास पाहिला. एकट्याने उचलली असती तर ती खाट कलंडलीच असती. मात्र आपण एका पतीने किंवा एका पत्नीने चारही कोपरे पेलावेत अशी अपेक्षा करतो आणि त्याला 'प्रेम' म्हणतो.

फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञ गाब्रिएल मार्सेल (१८८९–१९७३) यांनी समस्या आणि रहस्य यांत फरक केला. समस्या आपल्यासमोर असते, ती सोडवता येते. रहस्यात आपण स्वतःच गुंतलेले असतो. रोगाची समस्या डॉक्टरांकडे सोपवू या. दुःखाच्या रहस्यात मात्र सोबत हवी.

म्हणून शेजाऱ्यांनो, 'काही लागले तर सांगा' म्हणू नका, काम सांगून या. "बुधवारचा डबा आमचा." "मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गाला आम्ही नेतो." "पुढच्या केमोला मी सोबत येतो." सर्दी-ताप असेल तर मात्र भेटायला जाऊ नका, केमोत प्रतिकारशक्ती घटते. रुग्णाला ३८ अंश सेल्सिअसच्या (१००.४ फॅरनहाइट) वर ताप आला, तर रात्र असली तरी लगेच हॉस्पिटलला कळवावे लागते. अशा रात्री ज्याची गाडी मिळेल तो शेजारी मोलाचा.

आणि पतिपत्नींनो, मदत घेणे म्हणजे वचन मोडणे नव्हे. मुलांना खरे सांगा : आईचा आजार त्यांच्या चुकीने झालेला नाही आणि जवळ घेतल्याने तो लागत नाही. तिला घरातून वजा करू नका. बसून मटार सोलू द्या, मुलाची वही पाहू द्या, रोझरीचे एक दशक तिलाच सांगू द्या. रुग्णाभ्यंगाचा संस्कार अखेरच्या क्षणासाठी राखून ठेवू नका. गंभीर आजारात व मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वीही तो घेता येतो. बोलवा, आम्ही येऊ.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर सॅक्रिस्टीबाहेर एक वही ठेवू. तिच्यात आपले नाव, आपला वार आणि आपण करू शकाल ते काम लिहा. पहिली ओळ आम्ही लिहिली आहे.

प्रभू आपल्या घराघरांत वास करो.

आपले धर्मगुरू