वास्तूचे पावित्र्य

अंबाविलास राजवाडा, चामुंडी टेकडीवरील एकसंध पाषाणाचा नंदी आणि सेंट फिलोमिनाचे उत्तुंग चर्च पाहून म्हैसूरहून परतणाऱ्या प्रवाशाच्या मनात एक प्रश्न उभा राहावा, अशी या नगरीची योग्यता आहे. ज्या वास्तूपुढे मस्तक आपोआप नमते, तिचे पावित्र्य वसते तरी कोठे? तिच्या दगडांत, ते पूजणाऱ्यांच्या धर्मात, की आणखी कशात?

दगडांत ते नसावे, अशी साक्ष म्हैसूरचे दगडच देतात. टिपू सुलतानाने येथील जुना किल्ला पाडून त्याचे दगड नजरबादच्या नव्या कोटासाठी नेले, आणि १७९९ साली श्रीरंगपट्टण पडून वाडियार घराण्याकडे गादी परत आल्यावर तेच दगड पुन्हा मूळ जागी वाहून आणले गेले. पुढे १८९७ साली राजकन्येच्या विवाहसमारंभाच्या काळात लागलेल्या आगीत जुना लाकडी राजवाडा भस्मसात झाला. रीजंट महाराणींनी हेन्री आयर्विन या स्थापत्यविशारदाकडे नव्या इमारतीचे काम सोपविले आणि १९१२ साली ते पुरे झाले. पंधरा वर्षे मूळ वास्तू नव्हती, तरी राजघराण्याचा मुक्काम जगन्मोहन राजवाड्यात राहिला आणि दसऱ्याची परंपरा तुटली नाही.

मग ते पावित्र्य धर्माच्या नावात असते काय? येथे मराठी माणसाला एक कटु प्रकरण वाचावे लागते. टिपूविरुद्धच्या १७९१ सालच्या मोहिमेत मराठा सरदार पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा शारदापीठ मठ लुटला, देवीची मूर्ती स्थानभ्रष्ट केली आणि स्वामींना मठ सोडावा लागला. लुटणारी फौज हिंदू राज्याची होती. आणि मूर्तीची पुनःस्थापना व्हावी म्हणून द्रव्य व सामग्री देण्याचा हुकूम काढणारा होता टिपू. १९१६ साली म्हैसूर संस्थानच्या पुराणवस्तू खात्याचे संचालक आर. नरसिंहाचार यांना मठाच्या दप्तरात टिपूची यासंबंधीची पत्रे सापडली. किल्ला पाडणारा आणि देवीच्या पूजेची व्यवस्था लावणारा पुरुष एकच, हे ध्यानी घेतले म्हणजे कोणाही एका माणसाला किंवा समाजाला पावित्र्याचा मक्तेदार ठरविता येत नाही.

यावर कोणी म्हणेल की टिपूची ही दानत राजकारणाची होती. असेलही; राज्यकर्त्याच्या अंतःकरणाची झडती इतिहासाला घेता येत नाही. परंतु विधर्मी राजाच्या खजिन्यातून देवतेच्या स्थापनेसाठी द्रव्य निघाले, ही कृती हेतूच्या चर्चेने पुसली जात नाही. जशी आपल्या फौजेने केलेली विटंबना तिच्या ध्वजाच्या रंगाने धुतली जात नाही. गीता कर्माला इतके महत्त्व देते, त्याचे मर्म मला येथे अधिक स्पष्ट दिसते.

याच दृष्टीने फिलोमिनाच्या चर्चकडे पाहावे. मुम्मडी म्हणजे तिसऱ्या कृष्णराजांच्या कारकिर्दीत, १८४३ साली, त्या जागी पहिले चर्च उभे राहिले आणि १९३३ साली नव्या चर्चची कोनशिला चौथ्या कृष्णराजांनी बसविली. चामुंडेश्वरी हे ज्यांचे कुलदैवत, त्या राजांनी परक्या उपासनेला आपल्या राजधानीत मानाचे स्थान दिले, आणि असे देताना त्यांच्या स्वतःच्या श्रद्धेला तिळमात्र उणेपणा आला नाही.

म्हणून मला असे वाटते की वास्तूचे पावित्र्य तिला जपणाऱ्यांच्या आचरणात असते, आणि त्या आचरणाची खरी कसोटी आपले देवालय जपण्यात नसून दुसऱ्याचे जपण्यात असते. कारण आपले जपताना ममत्व साहाय्यास येते, दुसऱ्याचे जपताना केवळ धर्मबुद्धीच उभी राहते. आपल्या पूर्वजांच्या पराक्रमाचा अभिमान बाळगणाऱ्या मराठी वाचकाने शृंगेरीचे प्रकरणही त्याच वारशात जमेस धरावे. ज्या वारशाच्या खात्यावर केवळ कीर्ती मांडली जाते आणि ऋण मांडले जात नाही, तो वारसा पुढील पिढीच्या हाती सोपविण्यास आपण लायक ठरत नाही.