स्वत्वाचा प्रश्न आणि जुनी मालमोटार

अमेरिकेच्या महामार्गांवर स्वतःची मालमोटार स्वतः हाकून उपजीविका करणारा जो वर्ग आहे, ज्याला तिकडे ‘ओनर-ऑपरेटर’ म्हणतात आणि आपण मालक-चालक म्हणू, त्याच्या आयुष्यात एक निर्णय असा येतो की, ज्याचे परिणाम पुढील कित्येक वर्षे त्याच्या झोपेवर, संसारावर आणि मनाच्या स्वास्थ्यावर उमटत राहतात. नोकरीत साठविलेली पुंजी घेऊन तो जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे जातो. समोर सहा-सात लाख मैल धावलेले, ट्रेलर ओढणारे ‘ट्रॅक्टर’ रांगेने उभे असतात. आणि त्यांतील कोणते थोड्या इंधनात चालेल, कोणते वाटेत दगा देणार नाही आणि दिलाच तर कोणते आपल्या हातांनी दुरुस्त होईल, याचा त्याला विचार करावयाचा असतो. हा विचार जमाखर्चाचा आहे हे खरे. परंतु तो शेवटपर्यंत नेला असता, माणूस एखाद्या वस्तूचा धनी होतो म्हणजे नेमके काय होते, या आपल्या शास्त्रकारांनी शतकानुशतके घोळविलेल्या प्रश्नाशी तो येऊन भिडतो, अशी माझी धारणा आहे.

कल्याणीच्या चालुक्यांचा सहावा विक्रमादित्य राज्य करीत असताना विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली, आणि तिच्या दायविभागात त्याने, स्वत्व शास्त्रावरून कळते की लोकव्यवहारावरून, हा वाद उपस्थित केला. त्याचा निर्णय लोकव्यवहाराच्या बाजूचा आहे. ज्यांना शास्त्राचा गंधही नाही अशा सीमांत प्रदेशातील लोकांतही खरेदी-विक्री चालते आणि तीवरून ‘हे माझे, हे तुझे’ असे ठरते, तेव्हा स्वत्वाला शास्त्राच्या मोहोरेची आवश्यकता नाही, असे तो दाखवून देतो. पुढे नैयायिकांच्या परंपरेत, वस्तूचा यथेष्ट विनियोग करण्याची योग्यता म्हणजे स्वत्व, अशी व्याख्या चर्चेत आली. तीवर नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणीने अशी शंका घेतली की, दुसऱ्याचे अन्नही मनुष्य खाऊ शकतोच, आणि शास्त्राचा त्याला निषेध आहे म्हणावे, तर ‘दुसऱ्याचे’ कोणते हे आधी ठाऊक असल्याखेरीज त्या निषेधाचा अर्थच लागत नाही. म्हणून स्वत्व हा एक स्वतंत्र पदार्थच मानला पाहिजे. रघुनाथाची शंका मला बिनतोड वाटते. तरीही व्यवहारातील एखादी मालकी खरी की खोटी हे पारखावयाचे झाल्यास यथेष्ट विनियोगाची कसोटीच अधिक उपयोगी पडते.

ती लावून पाहण्याचे स्थळ अमेरिकेच्या वाहतूकधंद्यातच सापडते. तेथे कागदोपत्री मालक आणि प्रत्यक्षात कूळ, असा एक प्रकार रूढ आहे. मालवाहतुकीची कंपनी गाडी चालकाला भाडेपट्ट्याने देते, आठवड्याच्या मिळकतीतून हप्ता कापून घेते, आणि मुदत भरल्यावर गाडी त्याच्या नावे करून घेता येईल असे करारनाम्यात लिहिते. दरम्यान डिझेल, टायर आणि दुरुस्ती यांचा भार बहुधा चालकावर असतो, माल मात्र कंपनी देईल तोच उचलावयाचा असतो, आणि मध्येच करार मोडला तर गाडी राहते कंपनीकडे आणि भरलेले हप्ते बुडतात. २०२१ च्या कायद्यान्वये नेमलेल्या चौकशी समितीने जानेवारी २०२५ मध्ये असल्या पट्ट्यांवर काँग्रेसने बंदीच घालावी अशी शिफारस केली, ती मला सर्वथा न्याय्य वाटते. जेथे जोखीम एकाची आणि विनियोग दुसऱ्याचा, तेथे धनी हा शब्द वापरणे म्हणजे मनुष्याच्या एका अत्यंत प्रतिष्ठित आकांक्षेचा उपयोग त्यालाच बांधून घालण्यासाठी करणे होय.

परंतु पूर्ण किंमत मोजून, सरकारी दस्तऐवजावर आपले नाव चढवून घेतलेली गाडी तरी आपली होते काय? येथे यंत्राच्या अंतरंगात शिरावे लागते. १९८७ साली आलेले डेट्रॉइट डिझेलचे ‘सिरीज सिक्स्टी’ इंजिन, त्यातही त्याचा १२.७ लिटरचा प्रकार, अनुभवी चालकांत अद्याप आदराने का उल्लेखिला जातो, हे समजून घेण्यासारखे आहे. सहा सिलिंडर एका रांगेत असतात. त्यांत बसविलेले लायनर झिजले की काढून नवे घालता येतात. त्यामुळे इंजिन गाडीतून न उतरविता, चेसिसवरच त्याचा जीर्णोद्धार होतो आणि लाखो मैलांनी थकलेले ते यंत्र पुन्हा लांबच्या वाटचालीस सिद्ध होते. कमिन्सचे ‘एन १४’ आणि कॅटरपिलरचे ‘३४०६ ई’ ही त्याच पिढीची भावंडे. अशा इंजिनाला ईटन-फुलरचा दहा गिअरांचा, हाताने बदलावयाचा गिअरबॉक्स जोडलेला असावा, आणि फ्रेटलायनरसारखी अशी साधी, सर्वत्र आढळणारी गाडी असावी की जिचे सुटे भाग मिळविण्यासाठी दिवस मोडावा लागू नये. बस, याहून अधिक काही शहाणा मनुष्य मागत नाही.

तो रंग आणि चकाकी पाहत नाही. चालू इंजिनावरील तेलाचे झाकण काढून, पिस्टनच्या कडांतून निसटलेल्या वायूचा झोत किती जोराचा आहे हे तो पाहतो. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून त्यात काजळी, लोखंड, तांबे किंवा कूलंटचा अंश आहे काय याचा दाखला मागवितो. इंजिनाच्या संगणकातून ते किती तास नुसतेच उभ्याने धडधडत होते याची नोंद काढतो. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरणाऱ्या उत्तरेकडील राज्यांत गाडी वापरलेली असेल तर खाली आडवा होऊन चेसिसचा गंज चाचपतो. आणि टायरांवर छापलेला निर्मितीचा आठवडा व साल वाचतो. मला या परीक्षेत प्रामाण्याची चिकित्सा दिसते. विक्रेत्याचे सांगणे हे शब्दप्रमाण, तेलातील तांब्यावरून बेअरिंगची झीज ओळखणे हे अनुमान, आणि बोटांना लागलेला गंज हे प्रत्यक्ष. तिन्हींचा मेळ बसेपर्यंत सौदा पुरा न करणारा तो मनुष्य ज्ञानाच्या बाबतीत आपल्यातील पुष्कळ सुशिक्षितांहून अधिक सावध असतो.

इंधनाच्या हिशेबात तर मोहाचा प्रश्न सरळच उभा राहतो. वर्षाकाठी १ लाख मैल धावणारी गाडी गॅलनला ६ मैल देत असेल तर सुमारे १६,६७० गॅलन डिझेल पिते, आणि ७ मैल देत असेल तर सुमारे १४,२९० गॅलन. म्हणजे एका मैलाच्या फरकाने वर्षाला जवळजवळ २,४०० गॅलनांची तफावत पडते. हा एक मैल बहुतांशी गाडीच्या नाकाच्या आकारावर आणि चालकाच्या उजव्या पायावर अवलंबून असतो. पीटरबिल्ट ३७९ चे लांब, चौकोनी, क्रोमियमने मढविलेले नाक पाहून ज्याचे मन हरखत नाही असा चालक विरळा. उलट केनवर्थने १९८५ मध्ये उतरत्या नाकाची ‘टी ६००’ आणली, तेव्हा लोकांनी तिला मुंगीखाऊ म्हणून हिणविले. पण वाऱ्याला सौंदर्याची ही कल्पना मान्य नाही, आणि ज्याने देखणी गाडी घेतली तो पुढे प्रत्येक पंपावर तिच्या देखणेपणाचा कर भरीत राहतो. अपरिग्रहाचा उपदेश आपण संन्याशांसाठी राखून ठेवला आहे. वस्तुतः ज्याला वस्तू बाळगल्याशिवाय गत्यंतरच नाही, त्यालाच त्या उपदेशाची खरी गरज असते.

गांधीजींनी यंत्रांवर टीका केली हे सर्वांना ठाऊक असते. त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद केला होता, याचे स्मरण फारसे कोणाला नसते. १९२४ सालच्या एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या यंत्राची वाखाणणी केली आणि त्याच्या मुळाशी प्रेम असल्याचे सांगितले. यंत्र माणसाचे अवयव निकामी न करता त्याच्या श्रमाला साहाय्य करील तर ते त्यांना त्याज्य नव्हते. ही कसोटी मालमोटारीला लावल्यास असे दिसते की, ज्या यंत्राची रचना त्याच्या धन्याला उमगते आणि जे उघडण्याची मुभा त्याला असते, ते त्याच्या बुद्धीला व हातांना जागे ठेवते. आणि जे यंत्र केवळ कंपनीच्या अधिकृत कारखान्यातील संगणकालाच आपली व्यथा सांगते, ते विकत घेऊनही त्याचा धनी परकाच राहतो.

इथवर आल्यावर कोणी म्हणेल की, मग २००० सालापूर्वीचे इंजिन असलेली गाडी घ्यावी आणि निश्चिंत व्हावे. डिसेंबर २०१७ पासून चालकाचे तास मोजणारी इलेक्ट्रॉनिक नोंदवही सक्तीची झाली आणि त्या जुन्या इंजिनांना तीतून सूट मिळाली, म्हणून त्यांना मागणी आली होतीच. शिवाय २००७ नंतरच्या इंजिनांवर काजळीची गाळणी आणि २०१० नंतर बहुतेकांवर युरियाच्या द्रवाने धूर निवळणारी यंत्रणा आली, तिच्या एखाद्या संवेदकात बिघाड झाल्यास गाडीचा वेग ताशी ५ मैलांवर आणून ठेवण्याची तरतूद तिच्या आज्ञावलीतच असे. भर वाळवंटात, मागे ३० टनांचा भार असताना, स्वतःच्या गाडीने असा हुकूम फर्मावावा, याचा चालकाला आलेला संताप मी पूर्णपणे समजू शकतो.

परंतु ती गाळणी कोणासाठी आहे? डिझेलचा धूर माणसाला कर्करोगकारक आहे, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये दिला. ओकलंड आणि लाँग बीच या बंदरांच्या कडेला राहणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तो धूर श्वासाबरोबर घेत आली आहेत, आणि त्यांनी कोणत्याही करारनाम्यावर सही केलेली नाही. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२३ पासून, थोडे अपवाद वगळता, २०१० पूर्वीच्या इंजिनांना आपल्या रस्त्यांवर मज्जाव केला तो याच कारणास्तव. गाळणी कापून काढून संगणकाला फसविणारे कारागीर अमेरिकेत आहेत. तो कायद्याने गुन्हा आहे, पण गुन्हा नसता तरी मी त्याला जैनांनी ज्याला अदत्तादान म्हटले, म्हणजे न दिलेले घेणे, त्याच सदरात घातले असते. कारण दुसऱ्याचा श्वास ही वस्तू विज्ञानेश्वराच्या कोणत्याही खरेदी-विक्रीने आपली होत नाही. यथेष्ट विनियोगातील ‘इष्ट’ हे एकट्या धन्याच्या मर्जीने ठरत नसते.

म्हणून माझा कौल, तो काहींना रुचणार नाही हे जाणूनही, असा आहे की, नव्याने धंद्यात पडणाऱ्याने गाळणीसहित असलेली, २०१० नंतरची, दुरुस्तीची समग्र नोंद असलेली, उतरत्या नाकाची साधी गाडी घ्यावी आणि खरेदीतून वाचलेल्या रकमेपैकी काही निदानाचा लॅपटॉप, त्याची आज्ञावली आणि ती शिकून घेण्याचा वेळ यांवर खर्च करावी. गाळणी नियमाने साफ केली, इंजिन विनाकारण उभ्याने चालू ठेवले नाही, तर पुष्कळ बिघाड टळतात. दुरुस्तीचे ज्ञान स्वतंत्र कारागिरांना आणि धन्यांना खुले असावे, ही मागणी तेथे वर्षानुवर्षे होत आहे, आणि ती मला स्वत्वाच्या रक्षणाचीच मागणी वाटते. जुन्या इंजिनाकडे ओढ घेणाऱ्या मनाला खरोखर त्या लोखंडाचे प्रेम नसते; उघडता येण्याच्या अधिकाराचे असते.

कॅलिफोर्नियाच्या मध्यवर्ती खोऱ्यात, फ्रेस्नो-स्टॉक्टनच्या परिसरात, या धंद्यात पंजाबी शिखांची मोठी संख्या आहे. स्टॉक्टनचा गुरुद्वारा १९१२ साली स्थापन झाला. कष्ट करून खावे, नाम घ्यावे आणि मिळेल ते वाटून खावे, ही शिकवण घेऊन जे चालक तेथून निघतात, त्यांच्या गुरुग्रंथसाहिबात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत. आणि त्याच ग्रंथात कबीरांच्या दोह्यांतून नामदेव-त्रिलोचनाचा तो संवाद येतो, ज्यात कापडाच्या कामात का गुंतलास असे मित्राने विचारल्यावर नामदेव सांगतात की, हातपाय कामाला लागू दे, चित्त देवापाशी असू दे. हे साधण्यासाठी चित्त मोकळे असावे लागते, आणि हप्त्यांनी गांजलेल्या मनुष्याचे चित्त मोकळे नसते.

२०२१ मध्ये भाडी चढलेली असताना अवाच्या सवा किमतीला, कर्ज काढून, ज्यांनी गाड्या घेतल्या, त्यांची २०२२ पासून भाडी उतरल्यावर जी दशा झाली ती हेच सांगते. कायदा दिवसाला ११ तासांपलीकडे हाकू देत नाही, हप्ता मात्र चोवीस तास चालू असतो. म्हणून तोट्याचा मालही उचलावा लागतो, आजारी मुलाला घरी सोडून निघावे लागते. यथेष्ट विनियोगात विनियोग न करण्याचाही समावेश आहे, आणि मालकीची सर्वांत कठोर परीक्षा तेथेच होते: आज दर परवडत नाही, आज गुरुद्वाऱ्यात सेवा आहे, आज अंग दुखते आहे, असे म्हणून गाडी दारात उभी ठेवण्याचे सामर्थ्य त्या मनुष्याला आहे काय? ज्याने स्वस्त गाडी घेतली आणि इंजिनाच्या जीर्णोद्धाराला पुरेल एवढी रक्कम बाजूस ठेवली, त्याला ते सामर्थ्य बव्हंशी लाभते. म्हणून जवळ असलेली सगळी पुंजी खरेदीच्या दिवशीच गाडीत ओतू नये, एवढे तरी त्याने कटाक्षाने पाळावे.