तुम्ही फक्त सही करा

आषाढात पंढरीची वारी असते, त्याच सुमारास कोपरीत माझ्या घरीही एक छोटी वारी सुरू होते. वारकरी बहुधा आमच्याच इमारतीतले, क्वचित मीठबंदर रोडवरून किंवा रुळांपलीकडे नौपाड्यातून आलेले. टाळ-मृदंगाऐवजी त्यांच्या हाती प्लास्टिकची पिशवी असते आणि पिशवीत फॉर्म सोळा, बँकांची पासबुके, विम्याच्या पावत्या आणि, का कोण जाणे, विजेचे बिल. नोकरीची तेहतीस वर्षे मी हिशेबखात्यात काढली. त्यामुळे निवृत्त झाल्याबरोबर आयकराचे विवरणपत्र भरून देणारा माणूस अशी माझी ख्याती झाली. पैसे मी घेत नाही. चहा मात्र आमच्याकडचाच असतो. म्हणून या धर्मादायाचा खरा खर्च आमच्या मंडळींवर पडतो, हे येथे प्रामाणिकपणे नमूद करून ठेवतो.

माणसांच्या अडचणी तशा ठराविक असतात. कोणाचे पॅनवरचे नाव आणि आधारवरचे नाव एकमेकांना ओळख देत नाही. कोणी वर्षाच्या मध्यावर नोकरी बदललेली असते. दोन्ही मालकांनी आपापल्यापुरता हिशेब करून आपापली सूट दिलेली असते, आणि दोन्ही पगार एकत्र मांडल्यावर जो कर निघतो तो पाहून त्या बिचाऱ्याचा चेहरा उतरतो. कोणाला पतीच्या पश्चात मिळणारे कुटुंब-निवृत्तिवेतन पगाराच्या रकान्यात लिहावेसे वाटते. ते तेथे बसत नाही, ते 'इतर उत्पन्ना'त जाते. पण सर्वांत मोठा घोटाळा मी पाहिला तो पंधरा-एच नावाच्या कागदाचा. त्या वर्षांत वयस्क ठेवीदार एप्रिल महिन्यात बँकेत जात, कारकून खिडकीतून हा कागद पुढे सरकवी, आणि मंडळी सही करून येत. त्यांची समजूत अशी की, या सहीने व्याजावरचा कर माफ होतो. वास्तविक तो कागद माफीचा नव्हताच. 'माझ्या एकूण उत्पन्नावर यंदा काहीच कर बसत नाही, म्हणून व्याजातून कर कापू नये,' असे ते ठेवीदाराचे स्वतःचे निवेदन होते. म्हणजे सवलत मागण्यासाठी नव्हे, तर साक्ष देण्यासाठी ती सही होती. पण खिडकीपाशी साक्ष कोण वाचतो? मागे रांग असते.

आयकराविषयी आपल्याकडे कोणी बरे बोलत नाही, आणि मीही त्याची आरती ओवाळणार नाही. १८६० साली जेम्स विल्सन या इंग्रज अर्थमंत्र्याने सत्तावन्नच्या उठावाचा खर्च भरून काढण्यासाठी तो या देशात आणला, तेव्हा त्याचा जन्मच मुळी अशुभ नक्षत्रावरचा. तरीही या करात एक गोष्ट मला नेहमी वेगळी वाटत आली आहे. आमच्या कोपरीच्या पूर्वेला खाडी आहे. ठाण्याच्या या खाडीकाठी मिठागरे होती, आणि मीठबंदर हे नाव अजून टिकून आहे. १९३० साली ज्यासाठी शिरोड्याला सत्याग्रह झाला तो मिठावरचा कर गरिबातला गरीब माणूसही भरीत असे, पण त्याला कोणी काही विचारीत नसे. चिमूटभर मीठ घेतले की कर वसूल! आजही साबणाच्या वडीवरचा कर आपण असाच नकळत देतो. आयकराचे तसे नाही. तेथे सरकार प्रथम प्रश्न विचारते : तुम्हाला किती मिळाले? आणि उत्तर तुम्ही द्यावे अशी अपेक्षा करते. आता बँका, कंपन्या सर्व माहिती परस्पर कळवितात आणि २०२१ पासून ती एका वार्षिक तक्त्यात करदात्यापुढे मांडलीही जाते, हे खरे. तरी शेवटचा शब्द करदात्याचा असतो. विवरणपत्राच्या शेवटी त्याला लिहून द्यावे लागते की, माझ्या माहितीप्रमाणे आणि समजुतीप्रमाणे हे सारे खरे आणि पूर्ण आहे.

या प्रतिज्ञेवर मी बरीच वर्षे विचार केला नव्हता. करावा लागला तो शेजारच्या वहिनींमुळे.

त्यांचे यजमान रेल्वेत होते. माणूस असा की, पाहुण्यांना गाडीत बसवून देण्यासाठी ठाणे स्टेशनवर जाताना हा रेल्वेचाच नोकर फलाटाचे तिकीट काढी. आम्ही त्यांची थट्टा करीत असू. २०२१ च्या साथीत ते गेले. त्यांच्या ठेवी वहिनींच्या नावावर व्हायला पुढचे वर्ष उजाडले, आणि २०२३ च्या जुलैत वहिनी पहिल्यांदाच पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या. वय बाहत्तर. महिना चोवीस हजार निवृत्तिवेतन आणि ठेवींचे वर्षाला तीन लाख दहा हजार व्याज. मी सर्व मांडले, मिळण्याजोग्या वजावटी घेतल्या, तेव्हा करपात्र उत्पन्न निघाले पाच लाख तेहतीस हजार. त्या वर्षीच्या नियमांत हा आकडा फार वाईट जागी उभा होता. पाच लाखांपर्यंत सूट मिळून कर शून्य; पण पाच लाखांच्या रेषेवरून पाऊल पुढे पडले की सूट सगळीच जाई. वहिनींचा कर सतरा हजार दोनशे चौसष्ट रुपये येत होता.

एका ठेवीचे एक्केचाळीस हजार रुपये व्याज होते. ती एक ओळ नसती तर सारे शून्य होते.

मी ती ओळ काढली. वहिनींना काही बोललो नाही. त्यांनी विचारले, "भावोजी, मला काही बघावं लागेल का?" मी म्हणालो, "छे, छे! तुम्ही फक्त सही करा." सहीही आता कागदावर नसते. त्यांच्या फोनवर सहा आकडे आले, त्यांनी चष्मा सावरून एकेक आकडा मोठ्याने वाचला, आणि मी तो टंकला. माझ्या मनाला त्या वेळी काय वाटले ते सांगितले पाहिजे. अपराधी मुळीच वाटले नाही. एका विधवा बाईचे सतरा हजार वाचविले याचे समाधान वाटले, आणि रात्री जेवताना मी दोन घास अधिक खाल्ले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आयकर खात्याने असंख्य करदात्यांना संदेश पाठविले की, तुमच्या विवरणपत्रातील व्याज आणि आमच्याकडे आलेली माहिती यांचा मेळ बसत नाही. वहिनी जिना उतरून खाली आल्या, फोन माझ्यापुढे धरला आणि विचारले, "भावोजी, मी सरकारला खोटं सांगितलं का हो?"

'तुम्ही नाही, मी' असे उत्तर माझ्या ओठांवर आले. पण ते खरे होते का? कायद्याच्या दृष्टीने निवेदन त्यांचे होते. सरकारने लहान करदात्यांच्या मदतीसाठी २००६ साली प्रशिक्षित विवरणपत्र-लेखकांची एक योजना काढली. त्या योजनेतल्या लेखकाला विवरणपत्रावर स्वतःचीही सही करावी लागे. मदतनिसाचे नाव लिहिण्यासाठी तेथे रकाना होता. माझ्यासारख्या शेजारधर्मी माणसाचा रकाना कोरा राहतो. मी सारे करतो आणि कोठेच नसतो. वहिनींनी काहीच केले नव्हते आणि त्या सर्वत्र होत्या.

बरे, वहिनी खोटे बोलल्या नव्हत्या असे म्हणावे, तर प्रतिज्ञेचे शब्दच त्यांच्या बाजूने उभे राहतात. 'माझ्या माहितीप्रमाणे.' त्यांना माहिती नव्हती. पण येथेच मला एक विलक्षण भोवरा दिसू लागला. ज्या शपथेचे वजन आपल्या माहितीइतकेच असते, ती शपथ हलकी करण्याचा सोपा उपाय म्हणजे माहिती करून न घेणे. जितके कमी जाणाल तितकी शपथ सुरक्षित! आपल्यापैकी कितीतरी शहाणी माणसे याच हिशेबाने पिशवी दुसऱ्याच्या टेबलावर ओततात आणि तोंड फिरवून चहा पितात. अजाण असणे निराळे आणि अजाण राहणे निराळे. वहिनी अजाण होत्या. आणि त्यांना तसे राहू देण्याची व्यवस्था मी केली होती.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. रोगी कोठे औषधाचे रसायन जाणतो? मग करदात्याने तरी कायदा का जाणावा? मान्य. कलमे कोणती आणि सूट कशी बसते हे वहिनींनी जाणण्याची गरज नव्हती. पण वैद्याला पोट कोठे दुखते हे रोग्यालाच सांगावे लागते. आपल्याला किती मिळाले हे उत्तर वहिनींचे होते, आणि त्यांच्या तोंडातून मी ते काढून घेतले होते.

नाथांची एक आख्यायिका आपण लहानपणी ऐकलेली असते. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेबात एका पैची चूक येत होती; ती शोधीत नाथ रात्र जागले, आणि सापडली तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी वाजविली. पुढे गुरू काय म्हणाले ते सर्वांना ठाऊक आहे. मला त्या टाळीचे महत्त्व अधिक वाटते. ताळा जमल्याचा तो आनंद होता. माझाही आनंद हिशेबाचाच होता. फक्त मी ताळा मोडून तो मिळविला होता.

मी वहिनींना सगळे सांगितले. कर माझ्या चुकीमुळे बसला, तो मीच भरतो, असेही म्हणालो. त्या इतका वेळ शांत होत्या. या वाक्यावर मात्र चिडल्या. "व्याज माझं, तर कर माझा. तुम्ही कोण भरणार?" एप्रिलमध्ये आम्ही अद्ययावत विवरणपत्र दिले. मूळ कर आणि वर पंचवीस टक्के जादा मिळून एकवीस हजारांवर रक्कम गेली. दयेपोटी वाचविलेले पैसे असे सव्याज परत गेले. वहिनींनी ते कोठून उभे केले हे विचारण्याचा मला अधिकार उरला नव्हता.

गंमत पुढेच आहे. पुढच्याच वर्षापासून नव्या करपद्धतीत सुटीची रेषा पाच लाखांवरून सात लाखांवर गेली. २०२४ च्या जुलैत वहिनींची प्रत्येक ओळ, ती एक्केचाळीस हजारांची धरून, लिहिली आणि तरी कर शून्य आला! मी क्षणभर सुन्न झालो. एका वर्षाच्या अंतरासाठी मी हे सारे केले होते. मग मनात आले, रेषाच जर दर फेब्रुवारीला सरकत असेल, तर तिच्या अलीकडे-पलीकडे असण्यात नीती-अनीती ती कसली? १९७३-७४ साली वरच्या उत्पन्नावर अधिभारासह ९७.७५ टक्के कर होता. शंभरातले सव्वादोन रुपये घरी न्यायचे. त्या काळात करचुकवेगिरीला हुशारी म्हणण्याची जी सवय आपल्याला लागली, ती अजून सुटलेली नाही. १९६१ चा कायदा बदलून २०२५ साली संसदेने नवा कायदाही केला. हे सगळे बदलते, बदलावेही. पण कर किती हे संसद ठरविते. मिळाले किती हे काही संसद ठरवीत नाही. एक्केचाळीस हजार हे २०२३ साली एक्केचाळीस हजारच होते.

त्याच जुलैत वरच्या मजल्यावरचा एक तरुण आला. चांगली नोकरी, अंगावर घराचे कर्ज. म्हणाला, "काका, राजकीय पक्षाला देणगी दाखवायची आहे. सगळेच दाखवतात. तुम्ही फक्त भरा, जबाबदारी माझी." वाक्य ऐकून मी दचकलो, माझेच वाक्य उलटे होऊन माझ्याकडे आले होते. मी नाही म्हणालो. पण ते नाही मला शोभत नव्हते. वहिनींची ओळ पुसताना न थरथरलेला हात आता एकाएकी पवित्र कसा झाला, असे कोणी विचारले असते तर मजजवळ उत्तर नव्हते. लोभासाठी खोटे लिहायला नकार देणे मला सोपे गेले. कणवेसाठी खोटे लिहिताना मी नकाराचा विचारही केला नव्हता. तो तरुण उठून गेला आणि दुसऱ्या कोणाकडून काम करून घेतले, एवढे कानावर आले. १४ जुलै २०२५ रोजी खोट्या वजावटी दाखवून परतावे मिळवून देणाऱ्यांविरुद्ध आयकर खात्याने दीडशे ठिकाणी तपासणी केली, आणि आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटींचे खोटे दावे आपण होऊन मागे घेतल्याचे जाहीर केले. त्यांत तो आहे की नाही, मला माहीत नाही. जिन्यात भेटतो तेव्हा आम्ही पावसाविषयी बोलतो.

आता मी प्रत्येकाला ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवितो. ही तुमची बँक, हे तुमचे व्याज, हे लिहू का? माणशी तास जातो. दोन-तीन जुने वारकरी कंटाळून यायचे थांबले. "पूर्वी कसं झटपट व्हायचं," असे त्यांच्यापैकी एकाने आमच्या मंडळींजवळ बोलूनही दाखविले.

वहिनी मात्र येतात. २०२५ साली मुदत वाढून सप्टेंबरपर्यंत गेली होती. त्या आल्या तेव्हा हातात पिशवी नव्हती. नातवाची जुनी दोनशे पानी वही होती आणि तिच्यात त्यांच्या वळणदार अक्षरात प्रत्येक ठेव, तारीख आणि व्याज. मी वाचीत गेलो, त्या वहीत खुणा करीत गेल्या. शेवटी फोनवर सहा आकडे आले. मी बोटे कळफलकावर ठेवून वाट पाहत होतो. वहिनींनी फोन पालथा करून मांडीवर ठेवला.

"थांबा भावोजी. ती पोस्टाची ओळ पुन्हा एकदा वाचा."

मी वाचली.