आधी मान खाली घाला

रायपूरच्या पंडरीतल्या माझ्या घरी दर रविवारी वाचायला जमणाऱ्या मुलामुलींनो,

हे तुम्हाला समोरासमोर सुनावायला हवं होतं. पण त्या दिवशी माझा आवाज चढला असता आणि तुम्ही फक्त आवाज लक्षात ठेवला असता. म्हणून लिहून देते आहे. एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी मोबाइल बाजूला ठेवून ऐकायचं.

आपण 2019 च्या मे महिन्यातल्या एव्हरेस्टबद्दल वाचत होतो. मुंबईच्या अंजली कुलकर्णी, पुण्याचा निहाल बागवान, शेजारच्या ओडिशातल्या कल्पना दास. तिघंही शिखरावर पोहोचले, आणि 22 व 23 मे या दोन दिवसांत उतरताना गेले. निहाल 27 वर्षांचा होता, म्हणजे तुमच्यातल्या थोरल्यांच्या वयाचा. वाचून संपलं आणि तुमच्यातला एक म्हणाला, "शौक होता, गेले. कोणी जा म्हटलं होतं?" दुसरा म्हणाला, "लाखो रुपये मोजून मरण विकत घेतलं." यावर तुम्ही हसलात. मग एकीने सारवासारव केली, "आवडीचं करता करता गेला, असं मरण भाग्यवानालाच येतं." यावर तुम्ही माना डोलावल्या.

मला तिन्ही वाक्यांची सारखीच चीड आली. पहिली दोन निर्दय आहेत, तिसरं गोड आहे, आणि तिन्हींचं काम एकच आहे: मेलेल्या माणसाकडे नीट बघायचं टाळणं.

आधी त्या "शौक होता"चं बघू. आपल्या मोहल्ल्यात हेल्मेट न घालता गाडी हाणणारा पोरगा जातो, आयुष्यभर गुटखा खाल्लेला काका कॅन्सरने जातो. त्यांच्या दारात उभं राहून तुम्ही म्हणता का, शौक होता? म्हणत नाही. तिथे आई रडत असते आणि ती तुम्हाला दिसत असते. डोंगरावर मेलेल्याची आई तुमच्या गल्लीत राहत नाही, एवढाच फरक. लांबच्या माणसाच्या मरणावर तोंड सुटतं त्याला मी स्पष्टवक्तेपणा म्हणत नाही, भित्रेपणा म्हणते.

आणि हे सगळे पैसेवाल्यांचे खेळ, असं जे म्हणालात, त्यासाठी परेश नाथ कोण होता ते ऐका. पंडरीच्या कापड बाजाराच्या सावलीत तुम्ही वाढलात, शिलाई मशीनवर दिवसभर वाकलेली माणसं तुम्ही रोज बघता. परेश नाथ तसाच दुर्गापूरचा शिंपी होता. लहानपणीच एक हात गमावलेला. उरलेल्या हाताने कपडे शिवून त्याने वर्षानुवर्षं पैसा जोडला आणि 2016 च्या मे महिन्यात, पन्नाशी उलटून गेल्यावर, बंगालच्या एका छोट्या गटाबरोबर तो एव्हरेस्टवर गेला. त्या गटात कोलकात्याचे एक पोलीस होते, गौतम घोष. सुभाष पाल होते. वर जायला उशीर झाला, ऑक्सिजन संपत आला, आणि तिघंही परतले नाहीत. परेश आणि गौतम यांचे देह वर्षभर तिथेच राहिले. 2017 च्या मे महिन्यात पश्चिम बंगाल सरकारने खर्च उचलला आणि शेर्पांनी ते खाली आणले. ते वर्षभर गौतमच्या पत्नीने कपाळाची टिकली काढली नव्हती. देह डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती स्वतःला विधवा मानायला तयार नव्हती.

वर्षभर. तुमच्या "गेले" या एका शब्दात ते वर्ष बसत नाही.

आता भाग्यवान मरणाकडे येते. हे वाक्य मला जास्त टोचलं, कारण ते बोलणारी मुलगी मनाने चांगली आहे. बाळ, आठ हजार मीटरच्या वर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू इथल्या तुलनेत साधारण एक तृतीयांश असतो. माणसाची विचारशक्ती मंदावते. मेंदूला सूज येते, फुप्फुसात पाणी भरतं, बोटं काळी पडतात. आपण वर चाललो आहोत की खाली हेही काहींना कळेनासं होतं. निहाल बारा तासांहून जास्त वेळ गर्दीत अडकून पडला होता आणि थकून गेला होता, असं त्याची मोहीम सांभाळणाऱ्यांनीच सांगितलं. यात त्याच्या आवडीचं काय होतं? शिखर त्याच्या आवडीचं होतं. ती रांग नव्हती, तो गारठा नव्हता, आणि मरण तर नव्हतंच. त्याला घरी यायचं होतं. मरणाला भाग्य म्हटलं की ती रांग का लागली हे विचारायची गरज उरत नाही. म्हणूनच हे वाक्य सगळ्यांना सोयीचं वाटतं.

ते विचारणं हासुद्धा शोकाचाच भाग आहे. त्या मोसमात नेपाळने 381 परवाने दिले. एका परदेशी गिर्यारोहकामागे 11,000 डॉलर शुल्क होतं. चांगल्या हवामानाचे दिवस मोजकेच मिळाले आणि सगळे एकाच दोरावर एकामागे एक उभे राहिले. निर्मल पुर्जाने 22 मे रोजी काढलेला त्या रांगेचा फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. पाहून पुढे सरकवला आहे. त्या दोन दिवसांत त्याच डोंगरावर अंजली होत्या, निहाल होता, कल्पना होत्या. त्यांना मूर्ख ठरवायला तुम्हाला अर्धं मिनिट लागलं. परवाने कोणी दिले, नवख्यांना कोणी नेलं, माघारी फिरायची वेळ कोणी ठरवली आणि ती कोणी पाळली नाही, यातलं काहीच तुम्ही विचारलं नाहीत.

पूर्ण शिकलेला असता तर मेला नसता, असंही कोणीतरी पुटपुटलं. अरुण सावंतांनी अख्खी हयात सह्याद्रीत घालवली होती. जानेवारी 2020 मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर, दोरावरून उतरण्याच्या मोहिमेत ते गेले. सविता कंसवालने मे 2022 मध्ये सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू गाठले. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला द्रौपदी का डांडा शिखराच्या वाटेवर हिमस्खलन झालं, त्यात ती गेली. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची ती प्रशिक्षक होती, बरोबर शिकणारी मुलं होती. 27 मृतदेह मिळाले, दोघांचा पत्ता लागला नाही. शिक्षणाने धोका कमी होतो, संपत नाही. तेव्हा मेलेल्याच्या अडाणीपणावर बोट ठेवण्याआधी आपण काय शिकलो आहोत ते बघावं.

आणि ज्यांचा शौकच नव्हता त्यांचं काय? 18 एप्रिल 2014 रोजी एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबू हिमप्रपातात 16 नेपाळी कामगार बर्फाखाली गेले, बहुतेक शेर्पा. दुसऱ्यांच्या शिखरासाठी ओझी वाहताना, मजुरीवर. सरकारने सुरुवातीला अंत्यविधीसाठी म्हणून घरटी 40,000 नेपाळी रुपये देऊ केले. त्यांच्या साथीदारांनी संताप व्यक्त केला आणि तो मोसमच बंद पडला. त्यांच्यातल्या एकाचं नाव तुम्हाला येतं का? मराठी माणूस मेला की आपली वर्तमानपत्रं त्याचं गाव, वय, शाळा छापतात, आणि त्याच्या बाजूला मेलेला "एक शेर्पा" असतो. ही सवय मला माझ्या वर्गात नको.

आता जे सांगते आहे ते सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या छत्तीसगडमधल्या रायगढची याशी जैन 2021 मध्ये खराब हवामानामुळे एव्हरेस्टचं शिखर न गाठता परतली. 2023 मध्ये ती एव्हरेस्टवर पोहोचली. तुमच्यातल्या किती जणांनी तिचे 2023 चे फोटो मिरवले? जवळजवळ सगळ्यांनी. आणि 2021 मध्ये ती जिवंत परत आली तेव्हा "बरं केलंस" म्हणणारा तुमच्यात एक तरी होता का? बस्तरची नैना सिंह धाकड त्याच 2021 मध्ये शिखर गाठून उतरताना इतकी थकली की मदत करून तिला खाली आणावं लागलं. ती वाचली म्हणून आपण तिचे सत्कार केले. ती गेली असती तर मागच्या रविवारी तुम्ही तिच्याबद्दलही तेच बोलला असता.

हार फक्त शिखराला घालायचे, हे आपण ठरवलं आहे. 2016 मध्ये पुण्याच्या एका पोलीस दांपत्याने दुसऱ्याच्या फोटोत फेरफार करून एव्हरेस्ट चढल्याचा दावा केला. नेपाळने प्रमाणपत्र रद्द करून दहा वर्षांची बंदी घातली, नोकरीही गेली. लबाडीचा दोष त्यांचाच. पण शिखराखेरीज कशालाच किंमत न देणाऱ्या समाजात काही जण खोटं बोलतात, आणि काही जण परतायची वेळ टळून गेल्यावरही चढत राहतात. आपण टाळ्या कशाला वाजवतो हे त्यांना वर, त्या गारठ्यातसुद्धा, ठाऊक असतं. म्हणून त्या मरणांशी आपला संबंध नाही, असं म्हणून तुम्ही हात झटकू शकत नाही.

तुमच्यातला एक जण येत्या मे महिन्यात गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सला निघाला आहे. त्याला मी जाऊ नको म्हणणार नाही. जा, नीट शीक. अर्ध्यातून परतावं लागलं तर परत ये, आणि त्या दिवशी बाकीच्यांनी स्टेशनवर त्याला घ्यायला जायचं. हे मी विचारत नाही, सांगते आहे.

पुढच्या रविवारी वर्ग सुरू होण्याआधी उभं राहून अंजली कुलकर्णी, निहाल बागवान, कल्पना दास, परेश नाथ, गौतम घोष, सुभाष पाल, अरुण सावंत आणि सविता कंसवाल ही नावं मोठ्याने घ्यायची. त्यानंतर प्रत्येकाने एकेक पान वाचायचं: 2014 च्या त्या सोळांपैकी एका माणसाचं नाव, गाव, त्याच्या मागे कोण राहिलं, आणि त्या पहाटे तो कोणाचं सामान वाहत होता. शोधा, विचारा, वाचा. कोरी वही घेऊन येणाऱ्याने माझ्या दारात पाऊल ठेवू नये.