पादपूरणाची नीती

शब्दाची जागा भरणे आणि अर्थ देणे या दोन क्रिया एकच मानता येतील काय, हा प्रश्न काव्यशास्त्राला नवा नाही. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त 'निरर्थक' हा पददोष मानला आहे. केवळ वृत्ताचा चरण पुरा व्हावा म्हणून योजलेली 'च', 'हि' यांसारखी पदे त्यात येतात. अशा पदामुळे वृत्त सांभाळले जाते, पण अर्थात भर पडत नाही. संगणकाच्या प्रोग्रॅमने एचटीएमएलचे टॅग निर्माण करण्याच्या व्यवहारात याच दोषाला नैतिक परिमाण प्राप्त होते.

चित्राच्या टॅगला 'ऑल्ट' नावाचा एक गुणधर्म असतो. ज्याला चित्र दिसत नाही त्याच्यासाठी पर्यायी शब्द त्यात द्यावयाचे असतात आणि दृष्टिहीन व्यक्तीचा स्क्रीन रीडर ते उच्चारतो. डिसेंबर १९९७ मधील एचटीएमएल ४.० ने हा गुणधर्म अनिवार्य ठरविला. परंतु गुणधर्म आहे की नाही एवढेच यंत्र तपासू शकते. त्यातील आशयाची ग्वाही ते देऊ शकत नाही. 'रूबी ऑन रेल्स' या फ्रेमवर्कमधील, चित्राचा टॅग रचून देणारे फंक्शन, मजकूर दिला नसल्यास तो फाइलच्या नावावरून तयार करीत असे. टॅग तपासणीत निर्दोष ठरे. ऐकणाऱ्याच्या वाट्याला मात्र अनेकदा कॅमेऱ्याने दिलेला क्रमांक येई.

येथे तीन अवस्थांतील भेद लक्षात घ्यावा लागतो. मजकूर असलेला ऑल्ट चित्राविषयी विधान करतो. रिक्त ऑल्ट हेही विधानच असते, कारण चित्र केवळ शोभेचे असून ते वगळून पुढे जावे, असे तो सांगतो. ऑल्टच नसणे म्हणजे कोणी काहीच न म्हणणे होय. फाइलच्या नावाने भरलेला ऑल्ट हा तिसरा अभाव पहिल्या विधानाच्या वेषात उभा करतो.

रोलां बार्थने १९६७ मध्ये लेखकाचा मृत्यू घोषित केला, तो वाचकाच्या जन्मासाठी. त्या वाचकासमोर संहिता असते. येथील श्रोत्याजवळ शब्द पडताळून पाहण्यासाठी मूळ चित्रच नसते, आणि म्हणून अर्थाचे उत्तरदायित्व लिहिणाऱ्याला टाळता येत नाही.

यावरून यंत्रनिर्मित प्रत्येक शब्द असत्य ठरतो असे नव्हे. एप्रिल २०१६ मध्ये फेसबुकने सुरू केलेली स्वयंचलित चित्रवर्णने 'चित्रात अमुक असू शकते' अशा धर्तीची होती. त्यातील संभाव्यतादर्शक क्रियापद वक्त्याच्या अधिकाराची मर्यादा उघड करते. रेल्सनेही २०१८ च्या ५.२ या आवृत्तीत फाइलनावावरून मजकूर रचणे बंद केले. परिणामी मजकूर न दिलेले टॅग तपासणीत सदोष ठरू लागले. हा दोष पूर्वीही होताच; आता तो भरून काढण्याची जबाबदारी कोणाची, हे दिसू लागले.