बोटांचे लाड

माणसाने आपल्या कोणत्या अवयवाचे किती लाड करावेत, याचं प्रमाण एखाद्या शास्त्रात दिलं असेल तर ते माझ्या वाचनात नाही. जिभेचे लाड सर्वमान्य आहेत. पाठीला गादी, डोळ्यांना चष्मा, पायांना जोडा, इथपर्यंत कोणी भुवई वर करत नाही. पण मध्यंतरी एका सकाळी "बोटांसाठी जरा खर्च करावा म्हणतो," असं मी घरात जाहीर केलं, तेव्हा सौ.नी अतिशय आशेने विचारलं, "अंगठी का?"

अंगठी नव्हे, कीबोर्ड.

इथे थोडा पूर्वेतिहास सांगणं भाग आहे. १९७८ साली मी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये ए-एस-डी-एफ-जी-एफ बडवायला लागलो. करंगळीने 'ए' उमटवायचा म्हणजे तालमीतला प्रकार होता. पुढे कचेरीतही तेच केलं. आता निवृत्तीनंतर भाषांतराची कामं घेतो आणि रोज चार-पाच तास लॅपटॉपच्या चपट्या कळा दाबतो. तालमीतून निभावलेली बोटं या बुटक्या कळांपुढे मात्र हरली. रात्री सांधे ठणकू लागले.

चिरंजीव बंगळुरात असतात. त्यांना फोनवर हे सांगितलं, तर ते उत्साहाने म्हणाले, "बाबा, तुम्ही मेकॅनिकल कीबोर्ड घ्या." मग त्यांनी मला जे समजावलं ते असं : साध्या कीबोर्डात कळेखाली रबराची टोपी असते. ती तळापर्यंत चेपावी तेव्हा अक्षर उमटतं, आणि बोट दर वेळी तळाशी आपटतं. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक कळेला स्वतःचा स्विच आणि स्वतःची स्प्रिंग. कळ चार मिलिमीटर खाली जात असली, तरी दोन मिलिमीटरवरच काम होतं. बोटाने तिथूनच परत फिरावं. दारात उभं राहून निरोप सांगावा, आत जाऊन चहासाठी बसू नये, तसं.

पाठोपाठ नमुन्यांची एक पेटी आली. तीत निरनिराळ्या रंगांचे नऊ स्विच होते. लाल रंगाचा गुमान खाली जाणारा. त्याला अवघा ४५ ग्रॅम भार पुरतो. तपकिरी रंगाचा अर्ध्यावर बोटाला हलकीशी ठेच देऊन 'उमटलं हं' असं कानात सांगणारा. आणि निळा! निळा प्रत्येक दाबाला खणखणीत 'टक्' म्हणतो. मला इन्स्टिट्यूटचे दिवस आठवले आणि मी दुपारभर निळाच वाजवत बसलो. शेवटी आतल्या खोलीतून आवाज आला, "अहो, सुपारी कातरताय का?" सौ.ची ती झोपेची वेळ. आपलं सुख दुसऱ्याला किती ऐकू जावं, हा प्रश्न तिथे प्रथम उभा राहिला. निळा बाद झाला.

मग चिरंजीवांनी वरच्या वर्गातले जपानी कीबोर्ड दाखवले. त्यांत धातूला धातू टेकतच नाही. कळ खाली आली की विद्युतधारिता बदलते आणि त्यावरून अक्षर ओळखलं जातं. दाबाला मात्र एक शंकूसारखी स्प्रिंग आणि तिच्यावर, ऐका, रबराची टोपी! म्हणजे रबर सोडून निघालो तो सगळी बाजारपेठ हिंडून पुन्हा रबराशीच आलो. किंमत मात्र कस्टम्सचा कर धरून तीस हजारांच्या घरात.

आमच्या पिढीचा हिशेब असा, की दुखेपर्यंत ती चैन आणि दुखल्यावर ती गरज. माझं दुखत होतं, तेव्हा अर्धी बाजू भक्कम होती. उरलेल्या अर्ध्या बाजूला एक जपानी प्राध्यापक धावून आले. एइइती वाडा यांच्या कल्पनेतून १९९६ साली एक आटोपशीर, साठ कळांचा कीबोर्ड निघाला. त्यांचं म्हणणं, अमेरिकेतले काउबॉय घोडा मेला की तो तिथेच सोडतात, पण खोगीर बरोबर नेतात. संगणक हा घोडा, कीबोर्ड हे खोगीर. मला हे इतकं पटलं, की मी त्यावरून एक सिद्धान्तच बांधला : ज्या वस्तूला रोज हात लागतो, तिच्या बाबतीत काटकसर करणं हा हातांवरचा अन्याय आहे.

हा सिद्धान्त मी त्याच संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून सौ.ला ऐकवत होतो. ती पोळ्या लाटत होती. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की माझ्या प्रत्येक वाक्यामागे कोणीतरी 'टक्' म्हणतंय. निळा स्विच तर पेटीत होता. पाहिलं, तर पोळपाट डुगडुगत होता. त्याच्या एका पायाखाली कागदाची घडी होती, आणि तो कागद माझ्याच एका भाषांतराचा कच्चा खर्डा होता.

मी मनात गुणाकार केला. रोजच्या वीस पोळ्या, छत्तीस वर्षं. म्हणजे २,६२,८०० पोळ्या.

"हा कधीपासून असा हलतोय?"

"झाली की वर्षं. सवय झालीय मला."

हेच वाक्य मी टाइपरायटरबद्दल मोठ्या अभिमानाने सांगत आलो होतो. तिच्या तोंडून ते ऐकताना त्यात अभिमान कुठेच सापडेना. माझा सिद्धान्त चूक नव्हता. फक्त तो बांधताना 'हात' म्हणजे माझेच दोन, असं मी गृहीत धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तुळशीबागेत गेलो. तिने सात पोळपाट तळव्याने दाबून, कलवून, टिचकी मारून पाहिले. चाळीस मिनिटं. मी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. नमुन्यांची पेटी घेऊन मी पंधरा दिवस काढले होते.

कीबोर्डही घेतला. तपकिरी स्विचचा, मधल्या किमतीचा. तीस हजारांचा का नाही घेतला, यात नीती किती आणि कंजूषपणा किती, याची वाटणी मला अजून जमलेली नाही.

परवा पोळ्या करता करता तिने विचारलं, "आता बोटं कशी आहेत?"

"बरी आहेत," मी म्हणालो. मग जरा थांबून, लग्नानंतर बहुधा प्रथमच, विचारलं, "आणि तुझी?"

तिने एकदा माझ्याकडे, एकदा हातांकडे पाहिलं.

"कणकेची आहेत," ती म्हणाली. "तेवढा तुपाचा डबा द्या."