नामांतराच्या वर्षाची गोष्ट लेकरांना कशी सांगावी?



आपल्यापैकी अनेकांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे. बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव्हारा उतरला, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा आली. पण एक गोष्ट मी नांदेड-लातूरकडच्या बऱ्याच घरांतून पाहतो. पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री घरातली म्हातारी माणसे अठ्ठ्याहत्तर सालाचे बोलू लागली, की आईबाप त्यांना गप्प करतात. लेकरांच्या मनात भीती बसेल, नाही तर द्वेष बसेल, असे त्यांना वाटते. काही घरांत याच्या उलट चालते. तिथे जळालेली घरे तेवढी सांगितली जातात आणि गोष्ट तिथेच संपते. वर्षावासाच्या निमित्ताने मी आज यावरच बोलणार आहे. ते वर्ष सांगावे की नाही, आणि सांगायचे तर त्यात उजेड कुठे दाखवावा?

आधी ते वर्ष काय होते ते पाहू. आणीबाणी उठून वर्षच झाले होते. राज्यात वसंतदादा पाटलांचे सरकार पडले आणि 18 जुलै 1978 रोजी शरद पवार मुख्यमंत्री झाले. 20 जुलैला आषाढ पौर्णिमा होती. वर्षावास सुरू होऊन आठवडा झाला आणि 27 जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्याच दिवसापासून मराठवाडा पेटला. लातूर तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, उस्मानाबाद जिल्ह्यातच होता. नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद अशा पाचही जिल्ह्यांतून आगीच्या बातम्या येऊ लागल्या. झोपड्या जळाल्या, विहिरी नासवल्या, घरातले धान्य राख झाले. माणसे लेकरे घेऊन रानात आणि शहरात पळाली.

भांडण विद्यापीठाच्या पाटीचे होते असे वरवर दिसते. पण ज्या खेड्यांत विद्यापीठाचे नाव कुणी ऐकलेही नव्हते तिथेही घरे का जळाली? कारण येसकरकी करणाऱ्या बापाचा मुलगा शिष्यवृत्तीवर कॉलेजात जाऊ लागला होता. मेलेले ढोर ओढायला नकार मिळू लागला होता. गायरानात कुणी चार तास ज्वारी पेरली होती. या सगळ्याचा राग साचला होता, आणि नामांतर हे त्याला निमित्त मिळाले.

आता आपल्यातलेच काही लोक म्हणतात, मागच्या जन्माचे भोग होते, भोगले. बंधूंनो, हे वाक्य बौद्धाच्या घरात चालता कामा नये. गेल्या जन्मीच्या कर्माचे फळ म्हणून आजचे दारिद्र्य आणि आजचा मार सोसायचा, ही कल्पना बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात स्पष्टपणे नाकारली आहे. घरे माणसांनी जाळली, याच जन्मी जाळली, आणि त्यांची नावे गावाला ठाऊक होती. कर्म म्हणजे माणसाने केलेली कृती. ही एक गोष्ट नीट धरली तर उजेड कुठे शोधायचा हेही कळते. नशिबाने जे वाचले त्यात तो शोधायचा नसतो. कुणी काय केले यात तो असतो.

पुण्ण स्थविरांची कथा आपण ऐकली असेल. ते सुनापरांताचे. हा मुलूख म्हणजे आपल्या कोकणातला सोपाऱ्याकडचा भाग, असे मानले जाते. आपल्या मुलखात परत जाऊन धम्म सांगण्याची त्यांची इच्छा होती. तथागतांनी विचारले, तिथले लोक कठोर आहेत, शिव्या दिल्या तर काय म्हणशील? पुण्ण म्हणाले, हाताने मारले नाही म्हणजे ते भले लोक आहेत. हाताने मारले तर? ढेकळांनी मारले नाही. ढेकळांनी मारले तर? काठीने मारले नाही. असे करत करत प्रश्न प्राण घेण्यापर्यंत गेला, तरी पुण्णांचे उत्तर डगमगले नाही. मग तथागतांनी त्यांना जायला संमती दिली.

ही कथा मोठी आहे, पण ती गृहस्थांना सांगताना सांभाळून सांगावी असे मला वाटते. पुण्ण भिक्षू होते. त्यांनी स्वतः होऊन तो मुलूख निवडला होता आणि त्यांच्या पाठीशी लेकरे नव्हती. ज्या माऊलीचे घर जळाले तिला ‘जीव तरी वाचला ना’ असे म्हणणे हा धम्म नव्हे. तो आपला आळस आहे. शिवाय कथेचा शेवट लोक विसरतात. पुण्ण नुसते सोसत बसले नाहीत. त्याच वर्षावासात त्यांनी त्या कठोर मुलखात पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका धम्मात आणल्या, असे सुत्त सांगते. उजेड म्हणायचा तर तो या कामाला म्हणावा.

याच नजरेने अठ्ठ्याहत्तरकडे पाहू. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णी नावाचे गाव आहे. 4 ऑगस्ट 1978 रोजी तिथे पोचीराम कांबळे यांना अमानुष मारहाण करून जाळण्यात आले. याच जिल्ह्यातल्या सुगावच्या जनार्दन मवाडे यांनाही त्या दंगलीत प्राण गमवावे लागले. पोचीराम मातंग समाजाचे होते. लोक सांगतात, जयभीम म्हणायचे सोड असे मारेकऱ्यांनी त्यांना सांगितले आणि त्यांनी ते सोडले नाही. त्यांच्या मरणाला मी उजेड म्हणणार नाही. हौतात्म्याची फुले वाहून आपण फार लवकर मोकळे होतो. पण बाबासाहेबांना एका जातीचे पुढारी ठरवू पाहणाऱ्यांना त्या दिवशी टेंभुर्णीत जे उत्तर मिळाले ते कुणालाही पुसता आलेले नाही. आज मातंग समाजातली कुटुंबे दीक्षेला उभी राहतात तेव्हा ती कुणा परक्याच्या दारात येत नाहीत, हे जुन्या बौद्ध घरांनीही ध्यानात ठेवावे. काही ठिकाणी आपलीच माणसे नव्या दीक्षितांना जात विचारतात. तसे करणाऱ्याने पोचीरामांचे नाव घेऊ नये.

दुसरे म्हणजे, विधिमंडळात हात वर करणारे काही आपलेच नव्हते. मराठवाड्यातली मोठमोठी माणसे, ज्यांनी निजामाविरुद्ध लढा दिला होता, तीदेखील नामांतराच्या विरोधात उभी राहिली हे खरे आहे. ते मुलांपासून लपवू नये. पण एस. एम. जोशी, बाबा आढाव यांच्यासारखे लोक बाजूने उभे राहिले, त्यासाठी त्यांनी आपल्याच लोकांचा रोष पत्करला, हेही तितकेच खरे आहे. आणि गावोगावची जुनी माणसे सांगतात, की कुणा शेतकऱ्याने रात्री आखाड्यावर आसरा दिला, कुणा म्हातारीने भाकरी बांधून दिल्या. अशी घरे थोडी होती. थोडी होती म्हणूनच ती मोजून ठेवली पाहिजेत. मुलाला सगळा गाव वैरी म्हणून दाखवला तर त्याला उद्या त्याच गावात राहायचे कसे?

आणि ठराव अडकला तरी माणसे थांबली नाहीत. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 1979 मध्ये, प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. भाकरी बांधून घेतलेल्या बायका त्यात होत्या. मोर्चे, सत्याग्रह, तुरुंग यांत सोळा वर्षे गेली. नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी 25 नोव्हेंबर 1993 रोजी आत्मदहन केले. मुलांना हे सांगाल तेव्हा त्या तरुणाच्या तळमळीबद्दल सांगा, पण त्या वाटेचे कौतुक करू नका. आपल्याला जिवंत मुले हवी आहेत. 14 जानेवारी 1994 रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला.

माझ्या घरात मी पहिला पदवीधर. माझ्या पदवीच्या कागदावर मात्र नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे नाव आहे. नामविस्तार झाला त्याच वर्षी 17 सप्टेंबरला हे विद्यापीठ वेगळे निघाले आणि नांदेड, लातूर, परभणी त्याच्याकडे गेले. म्हणजे टेंभुर्णी ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या मुलांच्या पदवीवर बाबासाहेबांचे नाव येत नाही. याची हळहळ वाटते, खोटे कशाला बोलू? पण वर्गात बसलेली मुले मी रोज पाहतो. ज्यांच्या आजोबांनी त्या पावसात गाव सोडले, त्यांची नातवंडे आज त्याच तालुक्यातून कॉलेजला येतात. गाव सोडून पळालेली बरीच माणसे पुढे परत आली, त्याच जागी पुन्हा कुडाच्या भिंती उभ्या केल्या आणि मुलांना पुन्हा शाळेत घातले, हे कुठल्या ठरावात लिहिलेले नाही.

तेव्हा या वर्षावासात एक काम करा. अठ्ठ्याहत्तरमध्ये जे दहा-बारा वर्षांचे होते ते आज साठीच्या घरात आहेत. त्यांच्याजवळ मुलांना बसवा. काय जळाले ते विचारू द्या, आणि त्या रात्री दार कुणी उघडले, धान्य कुणी दिले, परत येताना सोबत कोण होते, हेही विचारू द्या. एक वही करा आणि ती विहारात ठेवा. आधी माणसाचे नाव लिहा, मग गाव, आणि आठवली तर तारीख.